‘नर्स काय, पिशवीच तर लावते!’

रक्ताच्या आजारांवरचा एक मेसेज मला तीन ग्रुपवरून आला. त्यातला एक ग्रुप आमच्याच बॅचच्या सिस्टरांचा, म्हणजे बघा. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: या पेशंटचा उपचार सगळा पिशवीत आणि गोळीत, नर्सिंगचं त्यात काही नाही. पुढे मुद्दे दिलेत. रक्त चढवणं म्हणजे सलाईन लावण्यासारखंच, थंड असेल तर गरम पाण्यात धरा. हिमोफिलियाच्या मुलाला खरचटलं की जीव जातो, सांधा सुजला तर मात्र गरम शेक पुरे. हिमोग्लोबिन कमी दिसलं की लोहाचं टॉनिक सुरू करा. केमोनंतर ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबा. सिकलसेलवाले दुखण्याचं नाटक करतात. आणि शेवटी, रक्तगटाचं कार्ड जवळ ठेवा.

आधी रक्ताचंच बघू. सलाईनची बाटली चुकून शेजारच्या खाटेवर लागली तर बहुतेक वेळा निभावून जातं. रक्ताची पिशवी तशी लागली तर माणूस जाऊ शकतो. लँडस्टायनरने रक्तगट १९०१ मध्ये मांडले, तरी चुकीच्या गटाचं रक्त जाण्याचे प्रकार अजून घडतात, आणि त्यामागे बहुतेकदा ओळख पटवण्यातली चूक असते, नमुना घेताना किंवा पिशवी लावताना. म्हणून खाटेपाशी दोघींनी मिळून तपासायचं: मनगटावरची पट्टी, पिशवीवरचा नंबर, गट, मुदत. आणि विचारायचं ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’. ‘तुम्ही अमुक ना?’ असं विचारलं की गुंगीतला माणूस कशालाही हो म्हणतो.

पिशवी फ्रिजमधून निघाली की साधारण अर्ध्या तासात सुरू व्हायला हवी आणि चार तासांत संपायला हवी, नाहीतर जंतू वाढायची भीती. गरम पाण्यात तर मुळीच धरायची नाही, पेशी फुटतात. त्याच नळीतून नॉर्मल सलाईन चालतं, बाकी काही नाही. डेक्स्ट्रोजने पेशी फुटतात आणि रिंगर लॅक्टेटमधल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होऊ शकतात.

मग पहिली पंधरा मिनिटं. या वेळात मी पेशंटपासून हलत नाही. मॉनिटर बोलायच्या आधी पेशंट बोलतो: ‘सिस्टर, कंबर भरून आली’, ‘उगाच घाबरल्यासारखं होतंय’. हे ऐकलं की आधी रक्त बंद, नवीन सेटने सलाईन सुरू, डॉक्टरांना हाक, आणि नावनंबर पुन्हा पहिल्यापासून. पिशवी फेकायची नाही, सेटसकट रक्तपेढीत परत पाठवायची. सलाईनसारखंच म्हणणाऱ्याने ही पंधरा मिनिटं एकदा उभं राहून बघावीत.

हिमोफिलियाचा मुद्दा तर दोन्ही बाजूंनी उलटा आहे. या मुलांचं रक्त नीट गोठत नाही, म्हणून ते इतरांपेक्षा जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहत राहतं. बारीक खरचटलेलं दाबून धरलं की बहुधा थांबतं. खरा घात होतो आत, गुडघ्यात, घोट्यात, कोपरात. सूज दिसायच्या कितीतरी आधी मूल सांगतं, ‘आत मुंग्या येतायत, गुडघा गरम वाटतोय’. वरून काहीच दिसत नसतं, आणि नेमकं तेव्हाच फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारा जो घटक या मुलांत कमी असतो तो, द्यायला हवा, एक्स-रेची वाट न पाहता. गरम शेकाने रक्तवाहिन्या आणखी फुलतात. सांध्याला आराम आणि कापडात गुंडाळलेला बर्फ, तोही थोडा थोडा वेळ, हे चालतं, पण फॅक्टरच्या जागी नाही. दुखण्यावर अ‍ॅस्पिरिन नको, आणि स्नायूत इंजेक्शन शक्यतो टाळायचंच. लस असेल तर बारीक सुई, आणि नंतर पाचेक मिनिटं न चोळता नुसतं दाबून धरायचं. चोळायची सवय भल्याभल्या सिस्टरांची जात नाही, माझीही जायला वेळ लागला.

लोहाचं टॉनिक थॅलेसेमियाच्या मुलाला? त्याचं हिमोग्लोबिन कमी असतं ते शरीर ते नीट बनवू शकत नाही म्हणून, आणि त्यासाठी त्याला वारंवार रक्त चढवावं लागतं. लाल पेशींच्या एका पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जातं आणि दिवसाला बाहेर पडतं जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. उरलेलं हृदयात, यकृतात साठतं. ते काढण्यासाठी काही मुलं रात्र रात्र पोटाला सुई लावून डेस्फेरिऑक्सामिन या औषधाचा पंप घेऊन झोपतात. वर टॉनिक पाजायचं म्हणजे भरल्या घागरीत ओतणं.

तापाच्या सल्ल्याने मला खरोखर राग आला. केमोने न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ५०० च्या खाली गेल्या की पू धरायला पेशीच नसतात, त्यामुळे लाली नाही, सूज नाही. ताप हीच अनेकदा एकमेव खूण, आणि तीच पॅरासिटामॉलने झाकायला सांगताय! ३८ अंशांच्या वर गेला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. आमच्याकडून अपेक्षा असते ती तासाभरात कल्चरचं (जंतू शोधायच्या तपासणीचं) रक्त काढून अँटिबायोटिक सुरू करण्याची. अशा पेशंटचा ताप गुदद्वारातून मोजायचा नाही, हेही घरच्यांना आम्हीच सांगतो.

सिकलसेलचं ‘नाटक’ हा शब्द वॉर्डातही ऐकलाय, म्हणून लाज जास्त वाटते. विळ्यासारख्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडाला रक्त पोचत नाही, आणि नाडी, बीपी सगळं नॉर्मल असूनही दुखणं असह्य असतं. लहानपणापासून दुखणं सोसलेला माणूस रडत नाही, मोबाईलवर काहीतरी बघत मन गुंतवतो. पोचल्यापासून तासाभरात वेदनाशामक, मग दर अर्ध्या-एक तासाने ‘किती कमी झालं?’ हा प्रश्न, आणि तो सांगेल तो आकडा खरा धरायचा. इथे मात्र बर्फ नको, उबदार पांघरूण हवं.

राहता राहिलं कार्ड. ठेवा जरूर, पण त्यावर विसंबून कुणी रक्त लावत नाही. वारंवार रक्त घेणाऱ्याच्या शरीरात परक्या रक्तपेशींविरुद्ध नव्या अँटिबॉडी तयार होऊ शकतात, म्हणून क्रॉसमॅचला, म्हणजे पिशवीतलं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळतं का हे बघायला, ताजा नमुना लागतोच. त्यापेक्षा कार्डाच्या मागे लिहा: शेवटचं रक्त कधी घेतलं, कोणती अँटिबॉडी सापडली, रिअ‍ॅक्शन आली होती का आणि कशी.