गुरुवारचा घोस

आज गुरुवार. सकाळी सहाला दात घासत गॅलरीत आलो, तर कुंपणावरून छत्रीची मूठ आत आलेली. मुठीने माझ्या पिवळ्या गुलाबाची फांदी वाकवली, मागून हात आला आणि अख्खा घोस पलीकडे गेला. तोंडात फेस, ओरडणार कसा?

गुलाब फ्लोरिबंडा जातीचा. एका देठाला एक फूल नाही, पाच-सहांचा झुपका. चोरासाठी याहून सोयीची जात नसेल, एकदा मोडलं की परडी भरली. नर्सरीवाला म्हणाला होता, "लई काटक हाय." घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं, काटक म्हणजे बर्फात तग धरणारा. आमच्या कोल्हापुरात बर्फ उसाच्या रसात असतो. इथं खरी परीक्षा जुलैत. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की इकडे पानांवर काळे ठिपके. त्यात पिवळ्याला हे दुखणं जास्त. १९०० साली पेर्ने-ड्युशे नावाच्या फ्रेंच माणसाने इराणकडच्या गुलाबाचा पिवळा रंग बागेतल्या गुलाबांत आणला, त्याबरोबर हे ठिपकेही आले. त्याचं फेडतोय मी, फवारणीचा पंप पाठीवर घेऊन.

चूळ भरून खाली धावलो.

"मावशी, ही फुलं..."

"दत्ताला न्हेतो की ओ." (आमच्याकडे बायकाही 'नेतो, जातो'च म्हणतात. माझ्या पुण्याच्या बायकोला नवीन असताना वाटायचं, दारात कुणी बाप्या आलाय.)

"पण विचारायचं तरी!"

"एवढ्या पहाटे कुणाला उठवू? म्हटलं, झोपमोड नको तुमची."

"अहो, पण अख्खा घोस?"

"येकेक तोडलं तर झाडाला किती येळा दुखंल, दादा!"

मी गप्प. मावशींनी घोस डोळ्यांजवळ नेला. पानावर पांढरट डाग दिसला.

"औषध मारलंय व्हय ह्येच्यावर?"

"परवा. ठिपक्यांसाठी."

"परवा? गुरुवार तोंडावर आल्यावर? देवाला चालंल काय असलं? शुक्कारी मारत जावा. उतराय आठवडा मिळतोय." मग हुंगून, "आन वास न्हाई ओ. पुढच्या खेपेला वासाचा आणा."

पुढच्या खेपेला! शेणखत माझं, निंबोळी पेंड माझी, दोन पावसाळे माझे. आणि पूर्ण उमललेलं फूल मी अजून झाडावर पाहिलेलं नाही. कळी बुधवारी रंग दाखवते, गुरुवारी दत्ताच्या पायाशी. कोपऱ्यावर फुलवाली बसते. विकत घेतलेलं फूल देव परत पाठवतो काय?

फूल वेळेवर काढलं की झाड लवकर फुटतं, हे मलाही माहीत आहे. त्याचाच जास्त राग येतो. पण कात्रीने कापा की, पाच पानांच्या डहाळीवर, डोळा बघून. मावशी ओढतात, सालपटासकट. बायकोला दाखवलं, तर म्हणे, "देवालाच जातंय ना? तुमचं काय जातंय?"

संध्याकाळी मावशींचा नातू प्रसाद घेऊन आला. पेढा, एक.

"आज्जीनं सांगितलंय, पुढच्या गुरुवारी पौर्णिमा हाय. पाणी जरा जास्ती घाला."