आरशावर नख टेकवून काही कळत नाही बावा

दिवाळीची खरेदी सुरू झाली की तो मेसेज फिरतोच. ट्रायल रूममधल्या आरशाले नख टेकवा, नख आणि प्रतिबिंबात गॅप दिसली तर आरसा खरा, गॅप नसली तर मागून कोणीतरी पाहून राह्यलं, 'नो स्पेस, लीव्ह द प्लेस'. खाली अर्थातच 'दहा ग्रुपले पाठवा'. आमचं यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी काच-फ्रेमचं दुकान आहे, दिवसभर काच कापणं हाच धंदा, म्हणून लिहून राह्यलो.

गॅप काहून दिसते ते आधी पहा. साध्या आरशात चमकणारा थर काचेच्या मागं असते. आम्ही त्याले अजूनही पाराच म्हणतो, पण आता तो बहुतेक चांदीचा असते, १८३५ मध्ये लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टनं ही पद्धत काढली तिथून. तुमचं नख टेकते काचेच्या पुढच्या अंगाले, अन् प्रकाश काच पार करून मागच्या थरावरून परत येते, म्हणून प्रतिबिंब नखापासून दूर. ४ मिलिमीटरची काच असली तर हिशोबानं ८ मिलिमीटर दूर वाटाले पाहिजे, पण काचेत प्रकाश वाकतो म्हणून दिसताना ५ च्या थोडंसंच वर दिसते. मंग गॅप सांगते काय? थर पुढं आहे का मागं, अन् काच किती जाड, बस. आरपारवाल्या, म्हणजे मागून पाहता येते अशा, काचेचा थरही मागच्या अंगाले किंवा दोन काचांच्या मधात ठेवता येते, तिथं गॅप मस्त दिसते अन् माणूस बिनधास्त कपडे बदलवते. उलट नवीन स्टीलच्या ताटाले नख टेकवून पहा, गॅप शून्य. ताटामागून कोण पाहते?

माझ्या भाचीनं मागच्या वर्षी ट्रायल रूममधूनच फोन केला, "मामा, गॅपच नाही!" रडकुंडीले आलती. म्हटलं बोटावरून सरळ नको पाहू, तिथं गॅप बोटाच्याच आड लपते, बाजूनं तिरपं पहा. "हो मामा, आहे आहे, बरं झालं." आता मले टेन्शन, कारण बरं काहीच झालं नव्हतं, गॅप दिसली म्हणून ती चाचणी पास समजून बसली.

मेसेजमधली दुसरी थाप, त्या काचेतून म्हणे एकाच बाजूनं दिसते. असा एकतर्फी प्रकाश जाऊ देणारी काच आमच्या धंद्यात तरी नाही. अर्धवट थर असते, थोडा प्रकाश परत फिरते, थोडा पार जाते, दोन्हीकडून सारखाच. खेळ सारा उजेडाचा. रात्रीच्या एसटीत बसा, आत लाईट चालू असला की खिडकीत आपलंच तोंड दिसते, लाईट बंद केला की बाहेरची पऱ्हाटी दिसाले लागते. काच तीच. साधी काच दोन्ही अंगं मिळून जेमतेम ८ टक्के प्रकाश परत पाठवते, दिवसा बाहेरच्या उजेडात तो बुडून जाते, रात्री तोच उठून दिसते. म्हणून ड्रायव्हर मागचा लाईट बंद कराले लावते. अन् आरपार काचेमागची खोली म्हणूनच अंधारी ठेवा लागते.

तपासाचंच असंल तर खोलीतला लाईट बंद करा, जमलं नाही तर दोन्ही हातांची ओंजळ डोळ्याभोवती धरून तोंड काचेले चिकटवा, मोबाईलचा टॉर्च काचेले अगदी टेकवून लावा. मागं खोली असली तर काहीतरी दिसतेच. आरसा भिंतीत बसवलाय का खिळ्यावर टांगलाय तेही पहा, टांगलेला असंल तर उचलून पहा, भिंतच दिसली का विषय संपला. आरशापेक्षा हुक, स्विचबोर्ड, वरचं छत आधी पहा, कॅमेरा लपवाले सुपारीएवढी जागाही पुरते. सापडला तर हात लावू नका, फोटो काढा अन् ११२ ले फोन करा, चोरून पाहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

भाची आता नख टेकवत नाही. पण ट्रायल रूममधला आरसा उचलून पाहते अन् दुकानदार माझ्याकडं पाहते.