क्रांती म्हणजे नाटकातला मागचा पडदा नव्हे

आज मराठवाडा मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात कॉलेजातल्या एका लेकरानं कथा वाचली. निजामाच्या बाजूचे हत्यारबंद रझाकार येतात, गाव पेटतं, माय रडते. पाहुणे म्हणाले, "पार्श्वभूमी छान उभी केलीय." टाळ्या! तेव्हापासून डोकं फिरलंय.

रझाकार काढा, दरोडेखोर घाला. कथेचं काहीच बिघडत नाही. मग १९४८ साल हवंय कशाला?

डिकन्सची फ्रेंच राज्यक्रांतीवरची कादंबरी 'अ टेल ऑफ टू सिटीज' उघडा. डॉ. मॅनेट अठरा वर्षं कैदेत. १७६७ साली पॅरिसच्या बास्तील तुरुंगातल्या कोठडीत तो एका सरदार घराण्याचे गुन्हे लिहून काढतो, त्यांच्या शेवटच्या वंशजापर्यंत सगळ्यांना दोषी धरतो आणि कागद धुराड्याच्या भिंतीत लपवतो. १४ जुलै १७८९ ला बास्तील पडतं, तो कागद मॅनेटचा जुना नोकर, आता क्रांतिकारक झालेला दफार्ज, याच्या हाती लागतो. तोवर त्याच घराण्यातला चार्ल्स डार्ने मॅनेटचा जावई झालेला. १७९२ साली जुन्या नोकराला वाचवायला तो पॅरिसला जातो आणि परागंदा सरदारांविरुद्धच्या कायद्यात अडकतो. आता बघा. 'बास्तीलचा कैदी' म्हणून सासऱ्याला मान आहे, त्या मानावर जावई सुटतो. त्याच संध्याकाळी पुन्हा अटक. दुसऱ्या दिवशी सासऱ्याचाच कागद कोर्टात वाचतात, आणि चोवीस तासांत गिलोटिनची शिक्षा! डार्नेनं जहागिरीवर कधीच पाणी सोडलेलं, पण ते कोण विचारतो? तू कसा आहेस हा प्रश्नच संपलेला असतो, तू कुणाचा आहेस एवढाच उरतो. यातून क्रांती काढून दाखवा. कागद भिंतीतच कुजेल, कादंबरी तिथंच संपेल.

डिकन्सची गर्दी एकजात रक्ताला चटावलेली आहे, मान्य. पण कथानकाची वीण बघा ना!

ह्युगोच्या 'ले मिझराब्ल'मध्येही तेच. तिथला उठाव जून १८३२ चा, १७८९ चा नव्हे. फरारी कैदी व्हाल्जाँच्या आयुष्यभर मागावर असलेला पोलीस जाव्हेर उठाववाल्यांच्या बॅरिकेडवर हेर म्हणून पकडला जातो. व्हाल्जाँ त्याला मारायला म्हणून बाजूला नेतो, दोर कापतो आणि हवेत गोळी झाडतो. एरवी पोलिसाचा जीव फरारी कैद्याच्या हातात आला असता का? त्या उपकारानं जाव्हेरचा कायदाच मोडून पडतो आणि तो सेन नदीत उडी घेतो.

त्या लेकरावर राग नाही माझा. त्याच्या कथेत एक ओळ होती, पाहुण्यांना ती ऐकूसुद्धा आली नाही. निजामाच्या हद्दीपलीकडे बार्शीला निघालेली माय घराला कुलूप घालते आणि किल्ली शेजारच्या चाचीकडे देते. अरे, हाच तुझा धुराड्यातला कागद! १७ सप्टेंबरला निजामाचं राज्य संपलं; त्याच्या आधी रझाकार चाचीला विचारणार, पळून गेलेल्यांची किल्ली तुझ्याकडं कशी? १७ नंतर दुसरा जमाव तिच्याच दारात येणार: आमच्या घराची किल्ली हिच्याकडं कशी, लुटलं काय हिनं? किल्ली तीच, चाची तीच, फक्त राज्य बदललं. पोलीस ॲक्शननंतर, म्हणजे भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्यावर, मराठवाड्यातल्या मुसलमानांवर काय गुजरलं ते आपल्या भाषणांत येत नाही. रझाकारांविरुद्ध लिहिणाऱ्या 'इमरोज' दैनिकाच्या संपादकाला, शोएबुल्लाखानला, ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत मारलं, तेही येत नाही.

लेकरा, हे वाचत असशील तर आगीचं वर्णन अर्ध्यावर आण. माय परत कधी येते ते आधी ठरव. जमाव दारात असताना ती वाटेवर असेल, तर चाचीची साक्ष कोण देणार? शेजाऱ्यांपैकी एकाला किल्ली देताना बघितलेलं असू दे, आणि त्यानं तोंड उघडलं तर त्याचं काय जाईल तेही लिही.

नवा खर्डा घेऊन ये. मी वाचतो.