आयर्विन पुलाची पातळी परदेशातून वाचताना

ऑगस्ट लागला की दुबईपासून न्यू जर्सीपर्यंत विखुरलेल्या सांगलीकरांच्या फोनवर एकच आकडा फिरायला लागतो. सांगलीत कृष्णेवरचा आयर्विन पूल, पाणी इतके फूट, इतके इंच. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ ही धोका पातळी. कोल्हापूरची मंडळी पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याकडे डोळे लावून असतात, तिथे हेच आकडे ३९ आणि ४३. त्याच्या जोडीला कोयनानगर, नवजा आणि महाबळेश्वरचा पाऊस, कोयना धरणाच्या पायथा वीजगृहातून सोडलेलं २१०० क्युसेक (सेकंदाला घनफूट) पाणी, राधानगरी धरणाचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, हे सगळं तोंडपाठ असतं. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर हे आकडे न बघता झोपणं कुणालाच जमत नाही, आणि ते स्वाभाविक आहे.

पण या चिंतेचं आपण पुढे काय करतो? बहुतेक वेळा एकच करतो: अलमट्टीवर वाद घालतो, म्हणजे खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या या धरणाच्या फुगवट्यानेच आपल्याकडे पूर येतो का, यावर. धरणात सध्या ५१९.६० मीटरपर्यंत पाणी साठवलं जातं. कृष्णा पाणीतंटा लवादाने २०१० मध्ये ५२४.२५६ मीटरपर्यंत उंची न्यायला परवानगी दिली. कर्नाटकाला ती हवी आहे, महाराष्ट्राचा विरोध आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने अलमट्टीला पुराचं मुख्य कारण मानलं नाही, आणि सांगली-कोल्हापुरातल्या अनेक कार्यकर्त्यांना हा निष्कर्ष मान्य नाही. वाद खरा आहे, महत्त्वाचा आहे, तो अभ्यासाने लढवलाच पाहिजे. पण अलमट्टी बाजूला ठेवली तरी सांगलीचं दुखणं संपत नाही. शहराच्या जरा खाली, हरिपूरला वारणा कृष्णेला मिळते. त्याच्या खाली नरसोबाच्या वाडीला पंचगंगा मिळते. तिन्ही नद्या एकाच वेळी भरून आल्या की कृष्णेचं पाणी पुढे सरकायला जागा उरत नाही, ते मागे तुंबतं आणि फुगवटा शहरात चढतो. कोयनेचा विसर्ग कमी करूनही सांगलीत पाणी लवकर उतरत नाही, ते यामुळे. कोयना १०५.२५ टीएमसीची (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट). ती ऑगस्टमध्ये रिकामी ठेवा असं सांगणं सोपं आहे, पण पुढच्या उन्हाळ्यातली शेती आणि वीज तिच्यावरच आहे.

म्हणून एक स्पष्ट बोलतो. अलमट्टीचा निकाल काहीही लागो, येत्या ऑगस्टमध्ये आई-बाबांच्या उंबऱ्यावर पाणी कधी येईल आणि तेव्हा त्यांना कोण बाहेर काढेल, हे आपल्यालाच ठरवून ठेवावं लागणार आहे. आणि ते मे महिन्यात ठरवावं लागतं.

सुरुवात घराच्या स्वतःच्या आकड्यापासून करा. ४५ फूट ही शहराची धोका पातळी, तुमच्या घराची वेगळी. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर या भागांत पाणी फार लवकर शिरतं, तर काही घरांना ५० फुटांनाही काही होत नाही. २०१९ ला पातळी साडेसत्तावन्नाच्या घरात गेली होती. तेव्हाची गाळाची रेघ भिंतीवर कुठे होती हे आईला आजही बोट ठेवून दाखवता येतं. फरशीपासून तिथपर्यंत टेपने मोजायला सांगा. चार फूट भरलं, तर साधारण साडेत्रेपन्न फुटांना फरशी ओली होते. २०२१ ला पातळी ५५ च्या आसपास होती, म्हणजे त्या वर्षी घरात दीडएक फूट पाणी असायला हवं होतं. तसं होतं का ते विचारा. दोन्ही वर्षांचा हिशोब जुळला तर आकडा भरवशाचा. नाही जुळला तर जो कमी येईल तो धरा, कारण पुलापासून घर जितकं लांब, तितका फरक पडतो.

पण फरशी ओली होण्याचा आकडा हा निघायचा आकडा नव्हे. दारासमोरचा रस्ता फरशीपेक्षा दोन फूट खाली असेल तर तो साडेएकावन्नलाच बुडाला. त्याही आधी गटारातून आणि संडासातून पाणी उलटं वर येतं. म्हणजे या घराने ४८ फुटांना बाहेर पडायला हवं, आणि सामान वर चढवायला ४४-४५ लाच सुरुवात करायला हवी. हे तीन आकडे भिंतीवरच्या कॅलेंडरच्या वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवायचे: सामान ४४, निघायचं ४८, रस्ता बंद ५१. माणसं अडकतात ती बहुधा जुन्या आठवणीच्या भरवशावर. २००५ ला पातळी ५४ च्या जवळ गेली होती. 'तेव्हा पायरीपर्यंतच आलं होतं' असं म्हणून २०१९ ला कितीतरी घरं थांबली, आणि पाणी त्या खुणेच्या साडेतीन फूट वर गेलं. शेवटच्या क्षणी बाहेर पडणं किती जिवावरचं असतं ते ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला दिसलं. गर्दीने भरलेली नाव उलटली आणि माणसं गेली.

इथे लांब असण्याचा एक खरा उपयोग आहे. ऑगस्टमध्ये सांगली आणि न्यू जर्सी यांच्यात साडेनऊ तासांचं अंतर असतं. सांगलीत रात्री अकरा ते सकाळी सहा म्हणजे न्यू जर्सीत दुपारी दीड ते रात्री साडेआठ. आई-बाबा झोपतात तेव्हा आपण टक्क जागे असतो. रात्रीचा पहारा आपण द्यायचा. संध्याकाळी सहाला पातळी ३८ फूट असेल आणि तासाला तीन इंच चढत असेल, तर चार तासांत एक फूट, म्हणजे पहाटे दोनला ४०. असा हिशोब मांडून झोपण्याआधी त्यांना शांतपणे सांगायचं, 'रात्री काही होणार नाही, झोपा,' किंवा 'आत्ताच निघा, उजेड आहे तोवर.' आणि वेग वाढला तर एकाच ठरलेल्या माणसाला फोन करायचा. धरणाला भेगा पडल्याचा मेसेज रात्री दोनला गावाकडे ढकलणं याला पहारा म्हणत नाहीत. त्या मेसेजने रक्तदाबाची माणसं आजारी पडली आहेत.

तो ठरलेला माणूस कोण? नातेवाईकच हवा असं नाही, उलट नातेवाईकाचं घरही त्याच पाण्यात असू शकतं. शेजारचा तरुण मुलगा, रिक्षावाले काका, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, कुणीही चालेल, पण दोन माणसं हवीत आणि त्यांना आधी विचारलेलं हवं. आपत्ती नियंत्रणाचा १०७७ हा क्रमांक परदेशातून लागत नाही, ११२ ही नाही. त्यामुळे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाचा एसटीडी कोडसहित पूर्ण नंबर (सांगलीचा कोड ०२३३, कोल्हापूरचा ०२३१) जूनच्या आधीच फोनमध्ये घालून एकदा लावून बघायचा.

'ते ऐकतच नाहीत, घर सोडत नाहीत' ही तक्रार परदेशातल्या प्रत्येक घरात आहे. त्यांची कारणं मात्र आपण नीट ऐकून घेत नाही. चोरीची भीती असते, म्हैस असते, देव्हारा असतो. आणि एक कारण असतं जे मुलाला फोनवर सांगायला लाज वाटते: संडास. गुडघे गेलेल्या बाईला शाळेतल्या निवारा केंद्रात खाली बसायचा संडास वापरता येत नाही, रात्री तीनदा उठावं लागतं, जमिनीवरून उठता येत नाही. म्हणून ती पाण्यात थांबते. याचा उपाय ओरडण्यात नाही. विश्रामबाग, मिरज अशा उंचावरच्या भागात कमोड असलेली एखादी खोली आधी ठरवून ठेवा, किंवा औषधांच्या दुकानात मिळणारी कमोडची खुर्ची घेऊन ती ज्या घरी जायचं तिथे मे महिन्यातच पोचवा. एवढ्याने निघण्याची तयारी किती बदलते ते करून बघा.

औषधं पंधरा दिवसांची, प्रिस्क्रिप्शनच्या फोटोसकट, झिपच्या पिशवीत. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं आणि वीज चार-पाच दिवस नसते. वापरात असलेलं पेन तीस अंशांच्या आत बहुधा चार आठवडे टिकतं, नेमकी मुदत त्याच्या माहितीपत्रकावर असते. म्हणून ऑगस्टमध्ये फ्रीजभर साठा करण्याऐवजी जे नेता येईल तेवढंच ठेवावं, थर्मासमध्ये घालून. डायलिसिस चालू असेल तर दुसऱ्या शहरातल्या केंद्राशी आधी बोलून ठेवणं हे सगळ्यात वरचं काम, कारण दोन वेळा चुकल्या तर जिवाशी गाठ.

पैशाचं म्हणाल तर पुरात युपीआय चालत नाही. टॉवरची बॅटरी संपते, डिझेल पोचत नाही, एटीएम पाण्यात असतं. आपण परदेशातून पाठवलेले पन्नास हजार खात्यात पडून राहतात आणि दूधवाल्याला द्यायला सुट्टे नसतात. घरात शंभर-दोनशेच्या नोटांत दहा-पंधरा हजार रोख हवेत. बँकेत एक सोय फार जणांना माहीत नसते: आई-बाबांच्या भारतातल्या बचत खात्यात परदेशी राहणाऱ्या मुलाला 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात' या पद्धतीने जोडता येतं. फक्त ओटीपी ज्या भारतीय सिमवर येतो ते रिचार्ज करत राहा, नाहीतर ऐन वेळी ते बंद झालेलं असतं.

विमान पकडून धावत जाण्याचा विचार पहिल्यांदा मनात येतो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो. २०१९ आणि २०२१ ला पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ शिरोलीपाशी पाण्याखाली होता. पुण्याला उतरून साताऱ्याच्या पुढे कुठेतरी अडकून पडण्यापेक्षा रजा पाणी उतरल्यावर घ्या. खरी गरज तेव्हा असते: गाळ काढायला, मीटर महावितरणच्या माणसाकडून तपासून घेतल्याशिवाय मेन स्विच चालू होऊ न द्यायला, आणि पंचनाम्याला. २०१९ ला सरकारने ग्रामीण भागात १० आणि शहरी भागात १५ हजारांचं सानुग्रह अनुदान दिलं. तलाठी येतो तेव्हा घराला कुलूप असेल तर नाव राहून जातं. काही जण आई-बाबांना पावसाळ्यातच अमेरिकेत बोलावतात, पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिने राहता येतं. सुटका चांगली आहे, पण मग किल्ली आणि कागदपत्रांच्या प्रती विश्वासाच्या माणसाकडे हव्यात.

विम्याची दोन कामं एका संध्याकाळची आहेत. 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित पॉलिसीत पूर येतो, आणि इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, घरातल्या सामानाला आपोआप संरक्षण मिळतं. दावा फेटाळला जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे विमा कंपनीचा सर्व्हेअर यायच्या आधीच भिजलेलं सामान फेकून देणं. आधी पाण्याच्या रेघेसकट फोटो, मग सफाई. दुसरं, बुडालेली गाडी स्टार्ट करून बघायची नाही. इंजिनात पाणी ओढलं जाऊन ते बसतं, आणि इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं नसेल तर साध्या पॉलिसीत तो खर्च मिळत नाही. गाडी ढकलून, टो करून न्यायची.

आता आपल्याच पैशाबद्दल. नदी दिसते म्हणून जास्त भाव देऊन घेतलेल्या फ्लॅटमध्ये परदेशातून आलेला पैसा बराच आहे. निळी पूररेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. प्लॉट घेताना आपण सातबारा बघतो, एनए (बिगरशेती परवानगी) बघतो, आणि या दोन रेषा विचारायला विसरतो. न्यू जर्सीत २०२४ च्या मार्चपासून घर विकणाऱ्याला पुराचा धोका खरेदीदाराला लेखी सांगावा लागतो. पत्ता टाकला की पुराचा सरकारी नकाशा समोर येतो. 'ब्लू एकर्स' नावाची योजना १९९५ पासून पुरात बुडणारी घरं राजीखुशीने विकत घेऊन ती जमीन मोकळी सोडते. रॅरिटन नदीकाठच्या मॅनव्हिल गावात अशी घरं विकत घेतली गेली. तरीही १ सप्टेंबर २०२१ च्या आयडा वादळात ते गाव पुन्हा बुडालं आणि पुष्कळ जण तिथेच परत राहायला आले, कारण घर सोडणं तिथेही कुणाला सोपं नाही. म्हणजे तिकडच्या लोकांचा हट्ट आणि आपल्या आई-बाबांचा हट्ट एकाच जातीचा आहे. फरक एवढाच की तिथे घर घ्यायच्या आधी धोका समोर मांडणं विकणाऱ्याला बंधनकारक आहे.

परदेशातल्या सांगली-कोल्हापूरकरांनी एकत्र येऊन काही मागायचं असेल तर हे मागावं: गट नंबर टाकला की निळी आणि लाल रेषा मोबाईलवर दिसावी. दस्त नोंदताना ती खरेदीदाराच्या सहीने जोडली जावी. आणि आयर्विन पुलाच्या दर तासाच्या पातळीबरोबर पुढच्या बारा तासांचा अंदाजही रोज त्याच ठिकाणी जाहीर व्हावा. यासाठी शेजारच्या राज्याशी भांडावं लागत नाही, लवादाच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. परदेशातल्या मराठी मंडळांच्या गणेशोत्सवाला दर वर्षी गावाकडून कुणी ना कुणी आमदार, खासदार पाहुणे येतात. पुढच्या वेळी त्यांच्या हातात नारळाबरोबर हे निवेदनही द्या.