नौपाड्यातील आमच्या वेब डिझाइन क्लासविषयीच्या अभिप्रायास संचालकांचे उत्तर

नमस्कार. वेबपानावरील कार्ड (मजकुराची चौकट) वर-खाली सरकवण्याचे काम मार्जिनने, म्हणजे घटकाभोवतीच्या मोकळ्या जागेने, कोडच्या एका ओळीत होत असताना आम्ही ट्रान्सलेटवायवर (ट्रान्सफॉर्म या गुणधर्मातील, घटक उभ्या दिशेने सरकवणाऱ्या आज्ञेवर) अख्खे सत्र घालवले, आणि एवढे करूनही माऊस नेताच कार्ड थरथरते, म्हणून शुल्क परत मिळावे, असे आपण दोन तारे देताना लिहिले आहे. अभिप्राय सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. पहिल्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही.

मार्जिन बदलले की ब्राउझरला त्या कार्डाबरोबर आजूबाजूच्या घटकांच्या जागाही पुन्हा मोजाव्या लागतात, आणि अ‍ॅनिमेशन चालू असताना हे प्रत्येक फ्रेमला घडत असल्याने साध्या मोबाइलवर पान अडखळू लागते. ट्रान्सफॉर्मने सरकवलेल्या घटकाची मूळ जागा मांडणीत राखीव राहते, लोकलमध्ये सीटवर रुमाल टाकून दाराशी उभे राहावे तशी. त्यामुळे शेजारचे घटक जागचे हलत नाहीत. टक्क्यांचा हिशेबही वेगळा आहे. मार्जिन-टॉपमधील टक्के बाहेरच्या चौकटीच्या रुंदीवरून मोजले जातात (उंचीवरून नव्हे, हे ऐकून प्रत्येक बॅच चकित होते), तर ट्रान्सलेटवायमधील टक्के त्या घटकाच्या स्वतःच्या उंचीवरून. पोझिशन अ‍ॅब्सोल्यूट असलेल्या (म्हणजे नेहमीच्या मांडणीबाहेर ठेवलेल्या), उंची आधी ठाऊक नसलेल्या घटकाला टॉप (वरच्या कडेपासूनचे अंतर) ५० टक्के आणि ट्रान्सलेटवाय उणे ५० टक्के दिले की तो उभ्या दिशेने बरोबर मध्यावर येतो, तो यामुळेच. मार्जिनच्या टक्क्यांनी हे साधत नाही.

आता थरथरीविषयी. आपण जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये होव्हरचा (माऊस वर असताना लागू होणारा) नियम सरकणाऱ्या कार्डावरच लिहिलेला दिसतो. कार्ड १० पिक्सेल वर गेले की खालच्या कडेशी असलेला माऊस त्याच्या बाहेर पडतो, होव्हर सुटतो, कार्ड खाली येऊन पुन्हा माऊसखाली सापडते, आणि हे असेच चालू राहते. होव्हर बाहेरच्या, न हलणाऱ्या डिव्हवर (चौकटीवर) लावून आतले कार्ड सरकवावे. त्याच कोडमध्ये कार्डाला आधी दिलेला रोटेटही (ट्रान्सफॉर्मने दिलेला तिरपेपणाही) होव्हरवर नाहीसा होईल, कारण नवा ट्रान्सफॉर्म जुन्याची जागा घेतो, त्यात भर घालत नाही. २०२२ पासून सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये चालणारा स्वतंत्र ट्रान्सलेट गुणधर्म वापरल्यास दोन्ही परिणाम टिकतात.

बॅच पूर्ण झालेली असल्याने शुल्क परत करता येणार नाही. शनिवारी सायंकाळच्या शंकानिरसनाच्या तासाला मात्र आपण वेगळे शुल्क न देता येऊ शकता. येताना हाच कोड असलेला लॅपटॉप सोबत आणावा.