कचरा माझा, पहिला नंबर यांचा

दाढीचं ब्लेड ओल्या कचऱ्यात टाकतं का कोणी? आमच्याकडे टाकतात. मेथीच्या काड्यांमध्ये हात घालून ते काढायचं मी, आणि पुण्याहून वन्संचा फोन आला की स्पीकर लावून ऐटीत सांगणार हे! "2017 पासून आमचं इंदूर स्वच्छतेत पहिलं! आम्ही घरातच सहा प्रकारचा कचरा वेगळा करतो." देवगुराडियाचा रोजच्या 550 टनांचा प्लांट, ओल्या कचऱ्यापासून गॅस, त्या गॅसवर सिटी बस, सगळं तोंडपाठ. घरातला सुक्याचा डबा कुठला, ते मात्र आजतागायत माहीत नाही.

आज तर हद्दच झाली. गाणं वाजवत गाडी आली, मी खाली धावले. गाडीवरच्या पोराने आमच्या ओल्या डब्यातून शेवेचं रिकामं पाकीट दोन बोटांत धरून वर काढलं. आत चार शेवा, बाहेर चहाचा चोथा. "आंटी, ये गीले में?" अख्खी गल्ली बघत होती. बिचारा बरोबरच बोलला. आणि पाकिटाचे मालक? गॅलरीत चहा पीत उभे. वरून त्याला हात करतायत, "और भिया, सब बढ़िया?"

वर येऊन बोलले, तर म्हणे, "अगं, सांगायचंस ना, मी मदत केली असती." मदत! म्हणजे कचरा माझा, शेव मी खाल्ली, दाढीही मीच करते बहुतेक.

मुलाला फोन केला, तर तो बापाचाच. "आई, एक पाकीट तर आहे, किती चिडतेस!" पाकिटाचं नाहीये रे बाबा. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा रात्री-अपरात्री उठून कूस बदलायला मी, चादरी धुवायला मी. दिवसांना जमलेल्या सगळ्या नातेवाइकांसमोर वन्सं डोळे पुसत काय म्हणाल्या? "दादाने आईचं फार केलं हो." आणि दादांनी मान खाली घालून ते ऐकून घेतलं! एका शब्दाने म्हणाले नाहीत, की अगं, हिने केलं. तीसेक वर्षं झाली लग्नाला, पण ती खाली घातलेली मान काही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

वन्संचं तरी काय, त्यांना दादा फोनवरच भेटतो. फोनवर माणूस खरंच छान आहे.

उद्यापासून गाडीवर हेच जाणार, सांगून टाकलंय. तर प्रश्न काय, "किती वाजता येते गं?" रोज डोक्यावर गाणं वाजतं हो त्या गाडीचं!

आणि हे लिहितेय तोवर आतून हाक आलीच, "अगं, पोह्यांवर घालायचं जिरावण कुठेय?"

ओट्यावर. डोळ्यांसमोर. शोधा.