सात घोडे आणि आमचा चांद्या

गावाकडून आलेल्या वडिलांना घेऊन आज दुपारी छत्रपती संभाजीनगरातल्या एका चित्रप्रदर्शनाला गेलो होतो आणि तिथे कानावर पडलेल्या एका प्रश्नाने माझे डोके अजून तापलेले आहे. चित्रकार नांदेडकडचे आहेत. लाल कंधारी गायी, माळावरची काळविटे, नाथसागरावर उतरलेले रोहित पक्षी, एवढाच त्यांचा विषय. एका गृहस्थांनी पाच मिनिटांत दालनाला फेरी मारली आणि थेट त्यांनाच विचारले, "सात घोड्यांचे नाही का? नव्या बंगल्याच्या हॉलमध्ये लावायचे होते, वास्तूच्या हिशेबाने." हे विचारताना गृहस्थांची पाठ ज्या चित्राकडे होती, त्यात एक देवणी बैल उभा होता, शेवरा, म्हणजे पांढऱ्या अंगावर काळे डाग असलेला.

आमचा चांद्या असाच होता. 2016 च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते तेव्हा, वडिलांनी त्याला हाळीच्या बाजारात विकले. कडबा संपला होता आणि विहिरीत घागर बुडत नव्हती. व्यापाऱ्याने रुमालाखाली वडिलांचा हात धरून बोटे दाबली. किती दाबली ते मला दिसले नाही, पण वडिलांनी हात सोडवून घेतला नाही, त्यावरूनच सौदा झाल्याचे मला कळले. चांद्याचा एकही फोटो आमच्याकडे नाही. आतेबहिणीच्या लग्नातल्या एका फोटोत मांडवाच्या मेढीमागे त्याचे एक शिंग तेवढे दिसते.

आणि यांना घोडे हवेत! आपल्यापैकी कोणाच्या दावणीला घोडा होता? खांदेमळणीच्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळून "आज आवतन घ्या, उद्या जेवायला या" असे त्याला हात जोडून सांगणाऱ्यांची आपण मुले, आणि आपल्या हॉलमध्ये कुठल्या तरी परक्या समुद्रकिनाऱ्यावरून उधळलेले पांढरे घोडे! अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या एका खांबावर चार हरणांत मिळून एकच डोके कोरलेले आहे, आणि ज्या हरणाकडे पाहावे त्याचेच ते वाटते. दहाव्या लेण्यात सहा सुळ्यांच्या हत्तीची, षड्दंताची, जातककथा रंगवलेली आहे. पाहुणे आले की आपण मोठ्या अभिमानाने त्यांना तिकडे नेतो; पण जनावराकडे तसे निरखून पाहणारा माणूस आपल्याच शहरात, आपल्याच काळात चित्रे मांडून बसला की त्याला वास्तूचा हिशेब सांगतो.

बरे, ते गृहस्थ निदान आत तरी आले, हे मान्य करतो. सात घोडे काढले असते तर दालनाचे भाडे आणि फ्रेमांचा खर्च कदाचित पहिल्याच दिवशी निघाला असता, हेही खरे.

वडिलांनी मात्र सगळे प्रदर्शन बांध चालावे तसे, थांबत थांबत पाहिले. एका चित्रात नुसती नांगरट होती, ढेकळेच ढेकळे, आणि एका कोपऱ्यात उडालेली टिटवी. लोक त्यापुढून सरळ निघून जात होते. वडील वाकले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "अंडी हैत की. चार." ढेकळांच्याच रंगाची ती अंडी मला त्यांनी बोट दाखवल्यावर दिसली. चित्रकार खुर्चीवरून उठून आले आणि त्यांनी वडिलांचे दोन्ही हात धरले. त्या क्षणी माझा राग बराच उतरला होता, हे लपवत नाही.

मग दोघे मिळून त्या बैलापुढे जाऊन उभे राहिले. "आमच्या चांद्याचा कानामागचा डाग पार डोळ्यापर्यंत आलेला होता," वडील म्हणाले. चित्रकार म्हणाले, हा मी हाळीच्याच बाजारात पाहिला; कासरा कोणाच्या हातात होता ते मुद्दाम काढले नाही. खरोखरच वेसणीपासून निघालेला कासरा ताणला जाऊन चौकटीच्या काठाशी संपत होता. वडील बैलाकडे कमी आणि त्या काठाकडे जास्त वेळ पाहत होते.

मी किंमत विचारली. चाळीस हजार. मी "छान आहे" म्हणालो आणि पुढच्या चित्राकडे वळलो. त्या गृहस्थांवर एवढे लिहून झाल्यावर हे सांगितलेच पाहिजे. त्यांनी बैल घेतला नाही, तसा मीही घेतला नाही. त्यांना निदान काय हवे ते ठाऊक होते. फ्लॅटचा हप्ता, मुलीची फी, ही कारणे खरी आहेत, पण मोबाइल बदलताना मला ती आठवली नव्हती.

परत येताना रिक्षात वडील गप्प होते. क्रांती चौकात सिग्नलला थांबलो, तेव्हा त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि त्याखाली माझी दोन बोटे दाबली. "एवढ्याला देतील का, इचार की." बैलबाजारात याचा अर्थ वीस हजार. प्रदर्शन परवापर्यंत आहे.